थ्री-डी कच्चं आहे म्हणजे नेमकं काय?



इंटरच्या पहिल्या वर्षाचे तपासलेले पेपर घरी आले की हैदराबादच्या आपल्या नल्लकुंट्यात एक वाक्य हमखास कानावर येतं. शंकर मठात दर्शनाला आलेली आई असो, नाहीतर फीव्हर हॉस्पिटलच्या स्टॉपवर बसची वाट पाहणारे वडील असोत, सूर तोच. "मॅडम, बाकी गणित बरं आहे हो त्याचं, पण थ्री-डी कच्चं आहे. तेवढ्यासाठी वेगळा क्लास लावावा का?" आज याच प्रश्नावर जरा निवांत बोलू या. उत्तर आधीच सांगून टाकते: लावू नका. निदान इतक्यात नको. का नको, हे सांगायला मात्र मला तुमच्याशी थोडं गणितच बोलावं लागेल. शाळा सुटून कितीही वर्षं झाली असली तरी घाबरू नका. पायथागोरस आठवत असेल तर तेवढं पुरे.

"थ्री-डी कच्चं" हे निदान फार ढोबळ आहे. पेपर उघडून बघा. पुष्कळ मुलांची चूक एका ठरावीक जागी सापडते. प्रश्न असा असतो: अमुक रेषेनं सहनिर्देशक प्रतलांशी केलेले कोन काढा. मुलगा डायरेक्शन रेशो, म्हणजे रेषेची दिशा सांगणारे आकडे, नीट मांडतो, वर्गांची बेरीज बरोबर करतो, वर्गमूळ चुकत नाही, भागाकार चुकत नाही. आणि शेवटच्या ओळीत, जिथं साइन लिहायचा तिथं कॉस लिहितो. गुण गेले. घरी आल्यावर आपण म्हणतो, "सिली मिस्टेक! लक्ष कुठं असतं रे तुझं?" या दोन शब्दांवर माझा राग आहे. ही चूक बेसावधपणाची नसते. त्याच्या डोळ्यांपुढे चित्रच नसतं, म्हणून ती होते. आणि चित्र नसेल तर दटावून ते येत नाही, सूत्राच्या खाली तांबड्या शाईनं दोन रेघा मारूनही येत नाही.

आता चित्र बघू. तुम्ही ज्या खोलीत बसला आहात तिच्या एका कोपऱ्याकडे पाहा. तिथं तीन कडा एकत्र येतात: फरशीलगत दोन, आणि वर छताकडे जाणारी एक. हे तीन अक्ष, एक्स, वाय आणि झेड. त्याच कोपऱ्यात तीन सपाट पृष्ठंही भेटतात: फरशी आणि दोन भिंती. ही तीन सहनिर्देशक प्रतलं. फरशीत एक्स आणि वाय या दोन कडा आहेत, म्हणून ते एक्स-वाय प्रतल. बाकीच्या दोन भिंतींची नावं तशीच, वाय-झेड आणि झेड-एक्स.

समजा खोली १२ फूट लांब, ९ फूट रुंद आणि ८ फूट उंच आहे. जुन्या घरात पोटमाळ्याखाली अशा खोल्या सापडतात. मी ही मापं मुद्दाम घेतली आहेत, कारण यांचा हिशेब देखणा होतो. फरशीच्या कोपऱ्यात एक खिळा, आणि समोरच्या, सर्वांत लांबच्या कोपऱ्यात वर छताशी दुसरा. दोन्हींमध्ये सुतळी ताणून बांधा. फरशीचा कर्ण १५ फूट, कारण १२ आणि ९ यांच्या वर्गांची बेरीज २२५. मग १५ आणि ८ घेतले की २८९, म्हणजे सुतळी बरोबर १७ फूट. ही सुतळी म्हणजे आपली रेषा.

आता मुलाला विचारा: ही सुतळी फरशीशी किती कोन करते? लगेच उत्तर मागू नका. त्याला एक अडचण जाणवू द्या. फरशीवर त्या कोपऱ्यातून निघणाऱ्या रेघा असंख्य आहेत. सुतळीचा लांबीच्या कडेशी कोन साधारण ४५.१ अंश येतो, रुंदीच्या कडेशी ५८ अंश. फरशीच्या कर्णाशी मात्र तो जेमतेम २८.१ अंश आहे. मग यातला 'फरशीशी केलेला कोन' कोणता? उत्तर आहे, सगळ्यांत लहान. आणि तो सगळ्यांत लहान कोन सुतळीच्या बरोबर खाली असलेल्या रेघेशी होतो, म्हणजे सुतळीच्या फरशीवरच्या प्रक्षेपाशी. व्याख्या इतकीच आहे. पण ती पुस्तकात अर्ध्या ओळीत येते आणि वर्गात अर्ध्या मिनिटात जाते.

पुढची गंमत अशी की तो प्रक्षेप काढत बसायची गरजच नाही. फरशीला लंब असलेली दिशा कोणती? उभी कड, झेड. सुतळी झेडशी जो कोन करते तो ९० तून वजा केला की फरशीशी केलेला कोन मिळतो. दोघे एकमेकांचे कोटिकोन. झेडशी केलेल्या कोनाचा कॉस ८/१७, तोच फरशीशी केलेल्या कोनाचा साइन. कॉसचा साइन होतो तो इथं. ज्या मुलानं सुतळी बघितली त्याला हे पाठ करावं लागत नाही.

तरीही घोटाळा का होतो? माझ्या मते दोष थोडा नावांचाही आहे. प्रतलाचं नाव एक्स-वाय, पण त्याच्याशी होणारा कोन ठरवतो तो झेड, जो नावात नाहीच! मुलं नावातली अक्षरं बघतात आणि एक्स, वायच्या मागे लागतात. म्हणून मी मुलांना एकच प्रश्न विचारायची सवय लावते: नावात नसलेलं अक्षर कोणतं? एक्स-वायला झेड. वाय-झेडला एक्स. झेड-एक्सला वाय. तुम्हाला बाकी काही आठवलं नाही तरी चालेल, हा प्रश्न लक्षात ठेवा आणि मुलाला विचारा.

आपल्या खोलीतल्या दोन भिंतींचं उत्तरही सांगून ठेवते, म्हणजे पडताळा घेता येईल. लांबीच्या भिंतीला लंब आहे रुंदी, म्हणून तिच्याशी साइन ९/१७, कोन सुमारे ३२ अंश. रुंदीच्या भिंतीला लंब आहे लांबी, म्हणून साइन १२/१७, कोन ४४.९ अंश. तिन्ही कोनांची बेरीज १०५ च्या आसपास येते. ती ९० यायला हवी किंवा १८० यायला हवी असं काही नाही. मुलं त्रिकोणाच्या सवयीनं १८० शोधतात आणि गोंधळतात. स्थिर राहते ती वेगळीच बेरीज: तिन्ही साइनचे वर्ग मिळवले की १ येतो. ६४, ८१ आणि १४४ मिळून २८९. बघा करून.

आता एक चकवा, जो मी पालकांना आवर्जून दाखवते. एखादी रेषा तीन अक्षांशी ४५, ६० आणि ६० अंशांचे कोन करते. तिचे प्रतलांशी कोन किती? वाय-झेडशी ४५, झेड-एक्सशी ३०, एक्स-वायशी ३०. ज्या मुलाला काहीच कळलेलं नाही तो अक्षांचेच कोन उतरवून ठेवतो: ४५, ६०, ६०. तरी त्यातला एक बरोबर निघतो! ४५ अंशांना साइन आणि कॉस सारखेच असतात, म्हणून चूक लपते. बहुपर्यायी पेपरात तर ४५ हेच उत्तर असेल तर त्याला पूर्ण गुण मिळतात, आणि घरी आपण पेढे वाटतो. याच्या उलट, चित्र स्पष्ट असलेला मुलगा हिशेबात एखादा आकडा चुकवतो आणि शून्य घेऊन येतो. गुणांवरून कच्चा कोण आणि पक्का कोण हे ठरवताना एवढं ध्यानात असू द्या.

ऋण चिन्हाचाही असाच त्रास. रेषेचे डायरेक्शन रेशो २, −१, −२ असले तर झेडशी कॉस −२/३, कोन जवळपास १३२ अंश. एक्स-वाय प्रतलाशी कोन मात्र ४१.८ अंश, उणे नाही. रेषा फरशीतून वर जाते की खाली, याने फरशीशी होणारा कोन बदलत नाही, तो शून्य ते नव्वदमध्येच राहतो. कित्येक मुलं उणे ४१.८ लिहून मोकळी होतात. कॅल्क्युलेटर तसंच दाखवतो ना!

पुस्तकातल्या आकृतीचाही यात हात आहे. कागद सपाट, त्यावर काढलेली खोली तिरकी. तीवर कोनमापक ठेवून काही मिळत नाही. आपल्याच खोलीत हे बघता येतं. लांबीच्या भिंतीसमोर नीट लंब उभे राहा आणि सुतळीकडे पाहा. ती १२ फूट आडवी आणि ८ फूट उभी गेल्यासारखी दिसेल, म्हणजे ३३.७ अंशांचा चढ. खरा कोन २८.१. दुसऱ्या बाजूनं, रुंदीच्या भिंतीसमोरून पाहिलंत तर चढ ४१.६ दिसेल. दोन्ही बाजूंनी जास्तच दिसतो, कमी कधीच नाही. इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षी एन. डी. भट्टांचं ड्रॉइंगचं जाडजूड पुस्तक हातात पडतं, तेव्हा हाच धडा पुन्हा येतो: क्षितिजसमांतर प्रतल, उभं प्रतल, दोन्हींशी कललेली रेषा, तिचा खरा कल आणि दिसणारा कल. इंटरमध्ये साइन-कॉस पाठ करून पार पडलेली हुशार मुलं तिथं बिचकतात. मागे राहिलेली गोष्ट पुढे गाठतेच.

तुम्ही म्हणाल, मॅडम, आम्ही नोकरी करणारी माणसं, सुतळ्या कुठं बांधत बसणार? ठीक आहे. मोबाईल तर आहे. त्यात कल मोजणारं ॲप असतं. मोबाईल तिरपा धरा, तो जमिनीशी किती अंश कलला आहे हे आकड्यात दाखवतो. मुलाला विचारा, मोबाईलला जमीन कशी दिसली? दिसत नाहीच. आतला सेन्सर फक्त गुरुत्वाकर्षणाची दिशा ओळखतो, म्हणजे जमिनीला लंब असलेली रेघ. त्या लंबाशी झालेल्या कोनावरून जमिनीशी झालेला कोन काढला जातो. वहीत जे करायचं तेच खिशातलं यंत्र करतं.

दोनशे वर्षांपूर्वी याच हैदराबादेत लंबावरून कोन काढायचं हेच काम करणारी माणसं होती. भारताच्या त्रिकोणमितीय सर्वेक्षणाचा प्रमुख विल्यम लॅम्ब्टन आपल्या अर्धा टन वजनाच्या थिओडोलाइटसह, म्हणजे कोन मोजायच्या यंत्रासह, दक्षिणेतून मोजत मोजत वर आला. १८०२ मध्ये मद्रासजवळ पहिली पायारेषा मोजून त्यानं सुरुवात केली होती. पुढची काही वर्षं त्याचा मुक्काम हैदराबादला होता. इथून नागपूरकडे निघाला असताना १८२३ च्या जानेवारीत वर्धा जिल्ह्यातल्या हिंगणघाटला तो वारला, त्याची कबर तिथंच आहे. ही मंडळी ताऱ्याचा कोन डोक्यावरच्या उभ्या रेघेपासून मोजत, आणि क्षितिजापासूनची उंची हवी असेल तर तो ९० तून वजा करत. क्षितिज धूसर असतं, झाडांनी झाकलेलं असतं. ओळंबा मात्र कुठंही सरळ लोंबतो. म्हणून लंबाकडून जायचं. ही गोष्ट मुलाला सांगा. लंब हा केवळ सूत्रातला आडवळणाचा रस्ता नाही, मोजणाऱ्या माणसाला तोच सोयीचा पडत आला आहे, हे त्याला कळेल.

हैदराबादकरांना आणखी एक सोय निसर्गानं दिली आहे, दिल्लीकरांना ती नाही. आपण साडेसतरा अंश अक्षांशाच्या थोडं अलीकडे आहोत, म्हणून वर्षातून दोनदा सूर्य भर दुपारी बरोबर डोक्यावर येतो: ९ मेच्या सुमारास, आणि पुन्हा ३ ऑगस्टच्या सुमारास. साधारण सव्वाबाराला उभ्या खांबाची सावली नाहीशी होते. शून्य सावलीचा दिवस. वर्तमानपत्रात मुलांचे फोटो येतात, बाटली उभी करून सावली शोधतानाचे. मी म्हणते, बाटली कशाला, काठी तिरपी धरा! त्या क्षणी सूर्यकिरण गच्चीला लंब पडतात, म्हणून तिरप्या काठीची सावली म्हणजे तिचा प्रक्षेप, अगदी व्याख्येतला. काठी आणि सावली यांच्यात कोनमापक धरा. तो काठीनं गच्चीशी केलेला खरा कोन. एरवी सकाळ-संध्याकाळी सावली लांबते, बाजूला सरकते, आणि त्यावरून हा कोन थेट मिळत नाही. ऑगस्टमध्ये ढग असतात, त्यामुळे मे महिन्याचीच तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर खूण करून ठेवा. सुट्टीही असते.

सावलीवरून मोजणं आपल्याकडे नवं नाही. ११५० मध्ये लिहिलेल्या भास्कराचार्यांच्या लीलावतीत छायाव्यवहार नावाचं प्रकरणच आहे. बारा अंगुळांचा शंकू, दिवा, सावलीची लांबी, यांची गणितं. चाळीसगावजवळच्या पाटण्याला त्यांच्या नातवाचा, चांगदेवाचा, शिलालेख आहे. आजोबांचे ग्रंथ शिकवले जावेत म्हणून त्यानं तिथं मठ उभारला, त्याची नोंद त्यात आहे. उन्हाळ्यात गावाकडे, खानदेशात जाणारी कुटुंबं आपल्यात आहेत. वाट वाकडी करून तिथं जाऊन या. कोचिंगच्या एखाद्या टेस्टपेक्षा त्याचा उपयोग कमी होणार नाही.

कोचिंगचा विषय निघालाच आहे तर बोलते. नल्लकुंट्यात राहून त्याला टाळता येत नाही. १९८५ मध्ये चुक्का रामय्यांनी इथं आयआयटीच्या प्रवेशपरीक्षेसाठी क्लास सुरू केला, आणि त्यांच्या नावामागे 'आयआयटी' हीच पदवी लागली. आपल्या भागाचं नाव त्यामुळे सगळ्या आंध्र-तेलंगणात पोचलं. क्लासला प्रवेशपरीक्षा असे, जागा मोजक्या, वर्ग पहाटेचे. नंतर त्या क्लासला प्रवेश मिळावा म्हणून वेगळे क्लास निघाले. हे ऐकून बाहेरगावचे लोक हसतात, आपल्याला मात्र त्यात काही वावगं वाटेनासं झालं आहे. रामय्या मूळचे सरकारी शिक्षणातले गणिताचे शिक्षक. तेलंगणाची आयआयटी गोदावरीकाठच्या बासरला व्हावी म्हणून त्यांनी आग्रह धरला होता. बासर म्हणजे आपल्या नांदेड जिल्ह्यातल्या धर्माबादला खेटून, जिथं आपल्यातले कितीतरी जण मुलांना पहिलं अक्षर गिरवायला नेतात. आयआयटी झाली ती संगारेड्डीकडे, कंदीला. असो.

माझं भांडण कोचिंगशी नाही. मुलगा तयार असेल तर चांगला शिक्षक त्याला पुढेच नेतो. भांडण आहे ते क्रमाशी. सहावी-सातवीपासून 'फाउंडेशन'च्या नावाखाली मुलांना थ्री-डीची सूत्रं देतात, आणि ज्या वयात खोक्यांचे कागद कापून-दुमडून घन बनवायचे त्या वयात ती घनाच्या कर्णांची उत्तरं पाठ करतात. रेषेनं घनाच्या चार कर्णांशी केलेल्या कोनांच्या कॉसच्या वर्गांची बेरीज ४/३, हे इंटरच्या वन-बी पेपरचं आवडतं गणित. मुलं झोपेतही ४/३ सांगतील. त्याच मुलांना विचारा, घनाचा कर्ण तळाशी किती कोन करतो? ३५ अंश १६ मिनिटं. अनेक जण ४५ सांगतात. कारण विचारलं तर म्हणतात, "घन सगळीकडून सारखा असतो ना, टीचर." उत्तर चूक आहे, पण यात निदान विचार आहे. अशा मुलाकडून मला आशा वाटते.

एक समज मात्र मला मोडून काढायचा आहे: 'आमच्या मुलीला हे थ्री-डी वगैरे जमत नाही, मुलींचं डोकं त्यात चालत नाही.' हे वाक्य मी शिकलेल्या घरांतून ऐकते. अमेरिकेत मिशिगन टेक विद्यापीठात शेरिल सॉर्बी या प्राध्यापिकेनं १९९३ पासून नव्या इंजिनिअरिंग विद्यार्थ्यांसाठी अवकाशातल्या आकृत्या डोळ्यांपुढे आणण्याचा खास अभ्यासक्रम चालवला. चाचणीत मागे पडणाऱ्यांत मुलींचं प्रमाण जास्त होतं. पण ठोकळे हाताळून, आकृत्या फिरवून काढून, ती कमतरता थोड्या आठवड्यांच्या सरावानं भरून निघाली, आणि असा सराव केलेल्या मुली इंजिनिअरिंग सोडून जाण्याचं प्रमाणही घटलं. ही नजर जन्मतः ठरलेली नसते. मुलाला लहानपणी मेकॅनो मिळतो, स्क्रूड्रायव्हर हाताळू देतात, आणि मुलीला 'हात लावू नकोस, पडशील' असं सांगतात. मग बाराव्या वर्गात तिच्याकडून सुतळीचा कोन दिसण्याची अपेक्षा करतात!

ज्यांची मुलं सीबीएसईत आहेत त्यांच्यासाठी एक वेगळी सूचना. एनसीईआरटीनं बारावीचं पुस्तक हलकं केलं तेव्हा थ्री-डीच्या धड्यातून प्रतलाचा भाग काढून टाकला. डायरेक्शन कोसाइन आणि रेषा राहिल्या. म्हणजे शेजारच्या ताईच्या जुन्या वहीत रेषा आणि प्रतल यांच्यातला कोन असेल, पण तुमच्या मुलाच्या पुस्तकात तो दिसणार नाही. जेईई ॲडव्हान्स्डच्या अभ्यासक्रमात मात्र प्रतल आहे. तेव्हा मुलगा 'आम्हाला हे नाहीच' म्हणाला तर तो खोटं बोलत नाही, पण तेवढ्यावर थांबूही नका. अक्षांचे कोन त्याला शिकवलेले आहेत. नावात नसलेलं अक्षर शोधलं की प्रतलांचे कोन तो स्वतःच काढू शकतो.

आणि घरी हे सगळं मराठीत बोलू द्या. तुमच्यातले अनेक जण मला सांगतात, "तो इंग्रजीत शिकतो, आम्हाला ते शब्द येत नाहीत, मग आम्ही काय मदत करणार?" तुमच्याच घरातल्या आजोबांना विचारा. मराठवाड्यातून हैदराबादला येऊन उस्मानिया विद्यापीठात शिकलेल्या त्या पिढीतल्या कित्येकांनी गणित, विज्ञान उर्दूतून केलं. १९१८ मध्ये विद्यापीठ सुरू झालं तेव्हापासून स्वातंत्र्यापर्यंत तिथलं माध्यमच उर्दू होतं. घरी मराठी, कॉलेजात उर्दू, बाजारात तेलुगू, आणि माणसं इंजिनिअर झाली, मुनसफ झाली. मुलगा तुम्हाला सुतळीचा कोन मोडक्यातोडक्या मराठीत समजावत असेल तर त्याला मध्येच अडवून शब्द सुधारू नका. 'परपेंडिक्युलर'ला लंब म्हणाला काय आणि सरळ उभी काठी म्हणाला काय, कोन तोच राहतो. समजावताना तो जिथं अडखळेल तिथंच त्याचं चित्र तुटलेलं आहे, आणि ते त्याला स्वतःलाच कळेल. तुम्हाला उत्तर येत नसलं तर फारच उत्तम, कारण मग तुम्ही खरेखुरे प्रश्न विचाराल.

हे करताना घड्याळ मात्र लांब ठेवा. पुढे परीक्षेत त्याला दोन मिनिटांत गणित सोडवावं लागेल हे खरं आहे. पण वेग ही शेवटी येणारी गोष्ट आहे. पहिल्यांदा सुतळी बघणाऱ्या मुलाला अर्धा तास लागला, तो कोपऱ्यात उकिडवा बसून नुसता वर बघत राहिला, तर त्याला 'टाइमपास करतोस' म्हणू नका. आई बाजूला उभी राहून "मग? किती आलं?" असं विचारू लागली की मूल सूत्राकडे पळतं, आणि हातात आलेलं चित्र निसटतं. गुणांबद्दल विचारायचंच असेल तर एवढं विचारा: कोन कोणाशी विचारला होता, अक्षाशी की प्रतलाशी?

तेव्हा जूनमध्ये क्लासच्या फीचा चेक लिहिण्याआधी एक रविवार काढा. मुलाचा पेपर घ्या, त्याच्याशेजारी बसा, आणि चुकलेल्या प्रत्येक गणितात चूक हिशेबाची आहे, चिन्हाची आहे, की साइन-कॉसच्या अदलाबदलीची, हे त्याच्याचकडून लिहून घ्या. अदलाबदलच जास्त निघाली तर सुतळी आणि दोन खिळे आणा. वेगळं काही निघालं तर जरूर या, आपण बसून बघू.